घुम्या, मी सही करणार नाही

प्रिय घुम्या,

या नावानं तुला हाक मारणारं माझ्याशिवाय आता कुणी उरलं नसेल. बाकी जग तुला 'सर' म्हणतं. मला ते जमणार नाही. ज्या माणसाच्या मोज्यांची भोकं मी शिवली, त्याला 'सर' म्हणायला माझी जीभ वळत नाही. तूही मला टकळीच म्हणायचास, कारण माझं तोंड कधी बंद नसायचं. ते अजूनही नसतं. तेव्हा नीट टेकून बस, चष्मा लाव आणि वाच.

परवा तुझा तो दाढीवाला दिग्दर्शक माझ्याकडे येऊन गेला. पोरगा गोड आहे. खुर्चीच्या टोकावर अवघडून बसला, चहात बिस्किटं बुडवली आणि निम्मी चहातच घालवली. तुझ्या आयुष्यावर सिनेमा काढतोय, म्हणाला. त्यात मीही आहे, म्हणून माझी सही हवी : यात दाखवलंय ते घडलेलं आहे, माझी काही हरकत नाही. मी म्हटलं, आधी वाचू दे. तर म्हणतो, "मावशी, नुसती फॉर्मॅलिटी आहे हो." मी म्हटलं, "बाळा, स्क्रिप्ट वाचल्याशिवाय मी आयुष्यात सेटवर शिंकलेसुद्धा नाही." मग वाचली. एकदा चष्मा लावून आणि एकदा चष्मा काढून, कारण पहिल्यांदा वाटलं की चष्म्यातच काहीतरी बिघाड असावा. तर ऐक. सही करणार नाही. नाही म्हणजे नाही. आणि नुसतं 'नाही' म्हणून गप्प बसणाऱ्यांतली मी नव्हे, हे तुला माहीत आहे.

पहिल्यांदा तुझ्या आईचं. सिनेमात ती दिव्याखाली शिवणकाम करते, खोकते, तुझ्या डोक्यावर हात ठेवून काहीतरी पवित्र बोलते आणि मध्यंतराच्या आत मरते. घुम्या, तुझी आई खोकली कधी? तिला खोकायला फुरसत होती का? थेटरात डोअरकीपर होती ती. हातात बॅटरी, पायात पुरुषी बूट आणि आवाज असा, की पुढच्या रांगेतली शिट्ट्या मारणारी टोळकी तिचा झोत पडला की शाळेतल्यासारखी ताठ बसायची. तुझा पहिला सिनेमा लागला तेव्हा तू तिकीट न काढता आत जाऊन बसला होतास, आठवतंय? तिनं नेमका तुझ्याच तोंडावर झोत मारला. "तिकीट?" तू म्हणालास, "आई, अगं मी पडद्यावर आहे." ती म्हणाली, "पडद्यावर आहेस ना, मग खुर्ची कशाला अडवलीस? ऊठ." अख्खं थेटर हसलं. तू सगळा सिनेमा बाजूच्या भिंतीला टेकून उभ्यानं पाहिलास. ते तुझं भिंतीला टेकणं पुढं इतकं गाजलं, की एका पिढीतली निम्मी पोरं भिंतींना टेकून उभी राहायला लागली आणि घराघरांतल्या आया रंग खराब होतो म्हणून ओरडायला लागल्या. हे सगळं सोडून सिनेमात शिवणयंत्र? दाढीवाल्याला मी सांगितलं, तुला खरी बाई आयती मिळत असताना खोकला कशाला आणलास? तो म्हणाला, "सरांनीच असं सांगितलं." तेव्हा मला पहिल्यांदा शंका आली, की गडबड पोराची नाही, तुझी आहे.

मग तुझी ती जगप्रसिद्ध शांतता. सिनेमात तू डोंगरावर जातोस, तिथं एक म्हातारा मेंढपाळ भेटतो आणि तुला मौन शिकवतो. मी इतकी हसले, की शेजारीण काय झालं म्हणून बघायला आली. अरे, तुला उंचावर चक्कर येते! आपल्या पहिल्या सिनेमात स्टेशनच्या वेटिंगरूमचा सेट होता. तुला पानभर भाषण होतं आणि तिसऱ्या ओळीवर तुझी गाडी अडायची ती अडायचीच. टेकवर टेक झाले. दिग्दर्शकानं टोपी जमिनीवर आपटली, लाइटमन एकमेकांना कोपरं मारायला लागले. जेवणाच्या सुट्टीत आपण सेटच्या मागं वायरींच्या पेट्यांवर बसलो होतो. तुझा घास हातातच राहिला होता. मी म्हटलं, "तुझं भाषण मी प्रश्न करून विचारते. तू फक्त माझ्याकडे बघ आणि शेवटचं वाक्य तेवढं म्हण." तसंच केलं. तू बघत राहिलास आणि सेटवर टाचणी पडली तरी ऐकू आली असती. कॅमेरामन 'कट' ऐकूनही डोळा काढेना. मग लोकांनी त्यावर लेख लिहिले, पुस्तकं लिहिली. आज पडद्यावर जो तो कमी बोलतो, ते तुझ्यामुळे. गैरसमज करून घेऊ नकोस, त्यातला वाटा मागायला मी आलेली नाही. पाठांतर झालं नाही म्हणून गप्प बसणारे नट मी ढिगानं पाहिलेत. तुझ्यासारखं गप्प बसायला आत काहीतरी असावं लागतं. ते तुझं होतं. मी फक्त समोर उभी होते.

माझं म्हणशील तर गुडघे सोडून बाकी झकास आहे. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर एक मोठी खोली आहे, तिथं मुलांना अभिनय शिकवते. खालून हातोडीचे ठोके चालू असतात, त्यावरून आवाज पोचवायचा, हा माझा पहिला धडा. आमचे हे गेल्यापासून घर जरा जास्तच शांत झालंय. आयुष्यभर दुसऱ्यांचे आवाज टेपवर धरले त्यांनी, स्वतः मात्र हळू बोलायचे. लेकीनं तोच धंदा धरलाय. परवा ती म्हणाली, "आई, तुझा आवाज लावला की माझ्या मशीनवरचा काटा लाल रेघेत जातो." मी म्हटलं, जाऊ दे. त्या काट्याला लाल रेघेत धाडायची चैन मला फार उशिरा मिळाली.

आता माझ्या भागाकडे येते. सिनेमात मी पाच प्रसंगांत आहे. एका प्रसंगात तुझ्याकडे पाहून लाजते, एकात पावसात भिजते, एकात तुझ्या यशानं माझे डोळे भरून येतात. पाचव्यात मी म्हणते, "मला घर हवंय, संसार हवाय. तू पुढं जा." आणि सामान उचलून धुक्यात निघून जाते. घुम्या, तू हे वाचून त्यावर 'ठीक' असं लिहिलंयस. तुझं अक्षर मी ओळखते.

संसार आपण दोघं मिळून करणार होतो. बोर्डिंगच्या त्या माडीवर तुझी खोली डावीकडे, माझी उजवीकडे आणि मधल्या सामाईक स्वयंपाकघरात तू पाव कापायचास, एक काप जाड, एक पातळ. जाड नेहमी माझ्या ताटलीत यायचा. घरमालकीण म्हणायची, "हा मुलगा बोलत नाही, पण पाव बरोबर कापतो, याच्याशी लग्न कर." करणारच होते. तो महालाचा मोठा सिनेमा संपला की करायचं ठरलं होतं.

तो सिनेमा आठव. नुसतं नाव काढलं तरी तू विषय बदलतोस, हे मला तुझ्या मुलाखतींवरून कळतं. पण आज मी बोलतेय आणि तुला विषय बदलता येणार नाही. दुपारची वेळ होती. महालाचा सेट, छतापासून जमिनीपर्यंत कापडी पडदे, आणि मागच्या बोळात नाचणाऱ्या मुलींची खोली. मुली चहाच्या नावाखाली बाहेर पडतात आणि शॉट लागला की सापडत नाहीत, म्हणून निर्माता चिडला होता. आपण दोघं मेकअप करून त्या बोळातून येत होतो. प्रॉडक्शन मॅनेजर खोलीच्या दाराला कुलूप लावत होता. मी म्हटलं, "अहो, आत मुली आहेत ना?" तो हसला. म्हणाला, "म्हणून तर." आतून शेंडीनं दारावर थापा मारून ओरडून सांगितलं, "ताई, याला सांगा ना, मला बाथरूमला जायचंय." तिचं नाव शेंडी पडलं होतं ते डोक्यावर अगदी टोकाला बांधलेल्या केसांमुळे. सगळ्यांत धाकटी आणि सगळ्यांत चुरचुरीत. मी मॅनेजरशी भांडायला लागले, तोवर मला अंगणातल्या शॉटला बोलावलं. तू तिथंच समोरच्या भिंतीला टेकून उभा होतास.

पुढचं तुला सांगायला नको. वायर जळाली, पडद्यांनी पेट घेतला. लाइटमनांतला तो आडदांड, ज्याला सगळे पैलवान म्हणायचे, त्यानं लाइटच्या स्टँडनं दाराच्या फळ्याच फोडल्या. धुरात त्याला कडी दिसली नाही की कुलूप दिसलं नाही. मुली एकेक करून बाहेर आल्या, भाजलेल्या, काळवंडलेल्या. शेंडी आली नाही. ती दाराशीच सापडली.

आणि मग चौकशीत निर्मात्याच्या माणसांनी सांगितलं, की मुलींनी घाबरून आतून कडी लावून घेतली. दार जळून गेलं होतं, कुलूप मॅनेजरच्या खिशात गेलं होतं. इतर मुलींनी रडून सांगितलं, की आम्ही कडी लावली नाही, दार बाहेरूनच बंद होतं. तर त्यांना सांगण्यात आलं, की भीतीत माणसाला काय केलं ते आठवत नाही. जी दाराशी सापडली तिनंच लावली असणार. मी उभी राहिले आणि सांगितलं, कुलूप मी पाहिलं. निर्मात्याचा वकील म्हणाला, बाईंचं आणि निर्मात्याचं आधीपासून वाजलेलं आहे. एकटीचा शब्द होता माझा. मग तुला विचारलं, "तुम्ही दार पाहिलं होतं का?" त्या लांब टेबलाच्या टोकाशी तू बसला होतास. मी तुझ्याकडे बघत होते. तू पाण्याच्या ग्लासाकडे बघत होतास. चौकशी करणारा अधिकारी तुझा चाहता. बराच वेळ थांबला आणि मग मऊ आवाजात म्हणाला, "यांना धक्का बसलाय. राहू द्या." पडद्यावरच्या तुझ्या गप्प बसण्यावर लोक फिदा होते, तिथंही झाले.

बाहेर पायऱ्यांवर मी तुला विचारलं, "का?" तू म्हणालास, "आपल्याला पुढं काम करायचंय." त्या 'आपल्याला'त मी होते की नाही, हे तुलाच ठाऊक. मी त्याच दुपारी बोर्डिंगमधलं सामान बांधलं. धुकंबिकं काही नव्हतं, लख्ख ऊन होतं. रिक्षावाल्याशी भाड्यावरून भांडलेसुद्धा.

महिन्याभरानं निर्मात्याचा माणूस माझ्याकडे आला. मोठी भूमिका घेऊन आला होता, खरंच मोठी. फक्त एवढंच लिहून द्यायचं, की त्या दिवशी माझा गोंधळ झाला होता. मी त्याला जिन्यापर्यंत सोडायला गेले आणि म्हटलं, "गोंधळ माझा नाही, तुमचा झालाय. तुम्ही चुकीच्या घरी आलात." त्यानंतर स्टुडिओची फाटकं मला बंद झाली. वाईट वाटलं का? वाटलं तर. आरशासमोर उभी राहून संवाद म्हणायची मी, कुणीच ऐकायला नसताना. पण रडून घरात बसले नाही. रेडिओवर बातम्या वाचल्या, शाळांच्या स्टेजवर नाटकं बसवली, कठपुतळ्यांना आवाज दिला. केस पांढरे व्हायला लागले तेव्हा एक तरुण दिग्दर्शिका आली आणि म्हणाली, "मला न्यायाधीश हवी आहे, जिच्या चेहऱ्यावर राग जुना दिसतो." मी म्हटलं, आत ये, भरपूर साठा आहे. आता लोक रस्त्यात थांबवून विचारतात, मधली इतकी वर्षं कुठं होतात? मी प्रत्येकाला दार, कुलूप आणि शेंडीची गोष्ट सांगते. भाजीवाल्याला सांगितली, दाताच्या डॉक्टरला तोंड उघडं असताना सांगितली. गप्प बसायला मला कुणी सांगायचं नाही.

आणि आता तुझ्या सिनेमातली आग. ते पान मी दोनदा मिटून ठेवलं. सिनेमात तू ज्वाळांत उडी घेतोस. एकेक मुलगी दोन्ही हातांवर उचलून बाहेर आणतोस. शेवटची तुझ्या मिठीत हसून प्राण सोडते. कडी? म्हणे 'घाबरून मुलींनी आतून लावलेली'. हे तू वाचलंस. त्यावरही 'ठीक' लिहिलंस. घुम्या, गप्प बसलास तेव्हा तू घाबरलेला तरुण पोरगा होतास, ते मी समजू शकते. त्याबद्दल तुझ्यावर राग धरला, पण तुझा तिरस्कार कधी केला नाही. पण आता सत्तरी ओलांडल्यावर, एवढा मोठा झाल्यावर, त्या पोरीला तू पुन्हा एकदा कडी लावायला लावतोयस?

शेंडीची धाकटी बहीण माझ्याकडे येते. सिनेमाचे पोशाख शिवते, आता तीही आजी झालीय. त्यांची आई मरेपर्यंत एकच म्हणत राहिली, माझ्या पोरीला लहानपणापासून कड्या लावायची खोडच होती, मीच तिला दरडावायला हवं होतं. अंथरुणावर पडल्या पडल्या म्हणायची. मी तिला शंभरदा सांगितलं, आई, कुलूप होतं. ती माझा हात थोपटायची. तिला वाटायचं, ही भली बाई माझी समजूत घालतेय. एकीचा शब्द समजूत वाटतो, घुम्या. दोघांचा खरा वाटतो.

तू विसरला आहेस, असं मी कधीच मानलं नाही. तुझ्या प्रत्येक सेटवर म्हणे सगळी दारं उघडी ठेवावी लागतात, मेकअपच्या खोलीचीसुद्धा. नव्या पोरांना तो मोठ्या नटाचा नखरा वाटतो. तू सांगतोस, हवा लागते. तुझ्यामुळे आता इतरही सेटवर तशी पद्धत पडलीय, दाढीवाला कौतुकानं सांगत होता. त्याला कारण माहीत नव्हतं. मला ऐकताक्षणी कळलं. तेव्हा मी तुला शरण आणायला निघालेय असं समजू नकोस. तू इतकी वर्षं दारं उघडत बसलायस आणि नेमकं तेच एक तसंच ठेवलंयस, एवढंच मी म्हणतेय.

खरं तर नुसती सही नाकारायची असती तर कोरा कागद परत धाडला असता, एवढी शाई घालवली नसती. काल तुझ्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला. चांगली बाई आहे तुझी बायको. आधी माझ्या गुडघ्यांची विचारपूस केली. मग म्हणाली, सोमवारी तुझ्या घशाचं ऑपरेशन आहे, गाठ स्वरयंत्रात आहे आणि ते काढावं लागणार आहे. जीव वाचेल, पण आवाज राहणार नाही. म्हणाली, "त्यांना सिनेमा पुरा झालेला पाहायचाय, तुम्ही अडवू नका ना." मी फोन ठेवला आणि रडले. मग तोंड धुतलं आणि हे लिहायला बसले. सिनेमा मी अडवणारच. पण तू सिनेमाची काळजी सोड. शनिवारी सकाळी मी शेंडीच्या बहिणीला घेऊन तुझ्या घरी येतेय. तिला सगळं सांगून ठेवलंय आणि ती यायला तयार आहे. कॅमेरा नसेल, वकील नसेल, टाळ्या तर नसतीलच. ती तुझ्यासमोर बसेल. तिला सांग, दार बाहेरून बंद होतं. कागदावर लिहून द्यायचं नाही, मान हलवायची नाही, डॉक्टरीणबाईंना पुढं करायचं नाही. घसा दुखला तर दुखू दे. सोमवारपर्यंत तुझ्याकडे आवाज आहे, घुम्या. तोंडानं सांग.

येतेच आहे,
तुझीच
टकळी